इंजिन ओरडतंय, पण गाडी घाट ओढत नाही

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या गाडीला लागू पडत असेल, तर पुढे वाचा.

- चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो आणि स्पीडचा काटा जागेवरच.
- सकाळी निघताना गाडी बरी असते. पंधरा-वीस किलोमीटरनंतर जड होते. चहाला अर्धा तास थांबलं की पुन्हा बरी.
- सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पूर्वीसारखी पळत राहत नाही. मागून कोणी धरल्यासारखी थांबते.
- फेरी तीच, माल तेवढाच, पण डिझेल जास्त लागतं.
- चढ संपला की जळका वास येतो.
- एका चाकाची रिम बाकीच्या तिघांपेक्षा गरम लागते.
- गाडी सुटताना खालून 'टक्' होतं, किंवा वेगात मागून घूंऽऽ असा एकसारखा आवाज येतो.

माझं गॅरेज आंबा घाटाच्या पायथ्याला, साखरप्याच्या बाजूला. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीकडून कोल्हापूरला पेट्या घेऊन जाणाऱ्या पिकअप इथूनच घाटाला लागतात. त्यातली एखादी दर दोन-तीन दिवसांनी माझ्या दारात उभी असते, आणि ड्रायव्हर गाडीतून उतरायच्या आधीच सांगतो, "मेस्त्री, दम नाही. पंप बघा." डिझेलचा पंप मी सगळ्यात शेवटी बघतो. घाटात दम न निघालेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यातल्या पुष्कळ गाड्यांची इंजिनं ठणठणीत होती. ताकद तयार होत होती, चाकापर्यंत पोचत नव्हती.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये ही वाट लांब असते. क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (मागे जाणारा लांब दांडा), डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा), ॲक्सल, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि शेवटी टायर. नव्या कोऱ्या गाडीतसुद्धा या वाटेवर ढोबळमानाने 10 ते 15 टक्के ताकद जाते. म्हणजे इंजिन 75 अश्वशक्तीचं असेल तर चाकाला 65 च्या आसपास मिळते. दातावर दात घासतो, बेअरिंग फिरतात, गिअर तेलात घुसळले जातात, ऑइल सील शाफ्टला घट्ट धरून असतात. त्यात जातं ते जाणारच. आपण शोधतोय ते याच्या वरचं नुकसान.

ते शोधायला एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गेलेली ताकद कुठे पळून जात नाही, ती जिथे अडते तिथे उष्णता होऊन बसते. एखादं चाक ब्रेकमध्ये अडकून 20 किलोच्या ओढीएवढा अडथळा करत असेल, तर 30 च्या स्पीडला त्या हबमध्ये सुमारे 1600 वॅट जातात. पाणी तापवायला बादलीत सोडतो तो रॉड साधारण 1500 वॅटचा असतो. म्हणजे असा एक रॉड त्या चाकात घाटभर चालू ठेवल्यासारखं. तो लपून राहील कसा? म्हणून माझं पहिलं हत्यार पाना नाही, हाताचा तळवा आहे.

गाडीला हात लावण्याआधी: घसरते, अडते की इंजिनच कमी पडतं?

पैसे लागत नाहीत, पंधरा मिनिटं लागतात, आणि निम्मा गोंधळ इथेच संपतो.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे का ते बघा. हल्लीच्या गाड्यांत एखादा सेन्सर बिघडला की कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कमी करतो. दिवा पेटलेला असेल तर खालचं काहीही न करता आधी स्कॅनर लावून घ्या. मग ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली हात घाला. हसू नका. नवीन जाड मॅट घातली की पेडल पूर्ण खाली जात नाही. अशा दोन गाड्या मी मॅट काढून परत पाठवल्या आहेत. चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

आता मोकळा, सपाट रस्ता गाठा. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या आसपास गाडी स्थिर करा आणि पाय पूर्ण दाबा. काटे बघायला शेजारी माणूस बसवा, तुम्ही रस्ता बघा. आरपीएम चटकन वर गेला आणि स्पीड रेंगाळला, तर क्लच घसरतोय. गिअर न बदलता इंजिन आणि चाकं यांचं नातं ठरलेलं असतं, दोन्ही काटे एकत्रच चढायला हवेत. दोन्ही हळूहळू पण एकत्र चढले, तर एक तर काहीतरी अडतंय, नाही तर इंजिन कमी पडतंय.

या दोघांतलं कोणतं, ते पुढची चाचणी सांगते. त्याच सपाट रस्त्यावर 40 ला न्यूट्रल करा आणि गाडी 20 वर यायला किती अंतर जाते ते मोजा. दोन विजेच्या खांबांची खूण पुरते. वारा आणि रस्त्याचा अगदी हलका उतार फसवतो, म्हणून उलट्या दिशेनेही एकदा करा. शेजारच्याची तीच गाडी असेल तर तीही मोजा. तुमची बरीच लवकर थांबली तर अडकण आहे. दोघी सारख्याच पळाल्या तर चाकांकडची बाजू निर्दोष, मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे पाइप यांच्याकडे वळा. न्यूट्रलचा हा खेळ सपाटीलाच करायचा. उतारावर कदापि नाही.

टायर आणि माल

पुढचं स्वस्त काम म्हणजे हवा. टायर थंड असताना, सकाळी. गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसते आणि माणूस फसतो. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त चेपतो, प्रत्येक फेऱ्यात रबर वाकतं आणि सरळ होतं, आणि त्यातच ताकद खर्ची पडते. टायरची बाजू गरम लागते ती यामुळेच. किती हवा भरायची तो आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, आणि मालासाठी मागच्या चाकांचा आकडा वेगळा दिलेला असतो. पंक्चरवाल्याचा अंदाज हा आकडा नव्हे.

टायरचं माप बदललंय का तेही बघा. गाडी उंच दिसावी म्हणून मोठे टायर घालायची हौस आहे हल्ली. टायरचा व्यास 10 टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच उंच झाला. इंजिनाचा तोच जोर रस्त्यावर सुमारे 9 टक्के कमी उतरतो. यात बिघाड काहीच नाही, तरी घाटात गाडी तिसऱ्याऐवजी दुसरा मागणार. वर स्पीडचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवणार.

मालाबद्दल एकदाच सांगतो. गाडी आणि माल मिळून 3 टन वजन, दर 100 मीटरला 6 मीटर चढ, 30 चा स्पीड. नुसतं वजन वर उचलायला इथे चाकाशी 20 अश्वशक्ती लागते. माल अर्धा टन वाढवलात की आणखी तीन-साडेतीन. क्षमतेपेक्षा दीडपट पेट्या भरून दम नाही म्हणणाऱ्याचं मी काय दुरुस्त करू?

हबवरचा हात

ही तपासणी मी सगळ्यात जास्त वेळा करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहा-पंधरा किलोमीटर सपाट रस्त्याने चालवा, ब्रेक जितका कमी लावता येईल तितका कमी. शेवटी गिअर उतरवत, गाडी आपोआप हळू होऊ देत थांबवा. घाट उतरून आल्यावर ही तपासणी करून उपयोग नाही, तेव्हा चारही चाकं तापलेलीच असतात. उतरल्यावर तळहात आधी रिमजवळ न्या, टेकवू नका. धग लागली नाही तरच टेकवा. उष्णता मोजायची गन असेल तर उत्तमच. आकडा किती आला याला मी फारसं महत्त्व देत नाही. डावं-उजवं जुळतं का, एवढंच बघतो. पुढची दोन्ही एकसारखी हवीत, मागची दोन्ही एकसारखी हवीत. पुढची मागच्यांपेक्षा थोडी गरम असणं नेहमीचंच आहे.

मागे एकदा भर सीझनमध्ये एक पिकअप आली. मालकाने आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. डिझेल फिल्टर नवा, इंजेक्टर तपासून आणलेले, एअर फिल्टर नवा. बिलांची गुंडाळी त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. मी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या मागच्या चाकाशी आलो तर पायाच्या नडगीला ऊब जाणवली. बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवून ब्रेकच्या ड्रमच्या दिशेने चार थेंब शिंपडले. चुर्र झालं आणि थेंब नाहीसे. तो माणूस काही बोलला नाही, नुसता त्या चाकाकडे बघत उभा राहिला. हँडब्रेकची केबल आतून गंजून अडकली होती. लिव्हर खाली यायचा, केबल मात्र मागे जायची नाही. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर, ड्रमला चिकटलेले, रत्नागिरीपासून.

पाण्याचे चार थेंब म्हणजे चारच थेंब हं. तापलेल्या ड्रमवर मग ओतू नका, तडा जाऊ शकतो.

कोकणात या केबलचं दुखणं पावसाळ्यात सुरू होतं आणि उन्हाळ्यात माल भरला की कळतं. पावसात हँडब्रेक ओढून गाडी चार-आठ दिवस उभी ठेवली की लायनर आणि ड्रम गंजाने एकमेकांना धरतात. सपाट जागी गाडी लावायची तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

एक चाक गरम निघालं तर पुढचं काम असं. सपाट, पक्क्या जागेवर बाकीच्या चाकांना दगड लावा. चाक जॅकवर उचला, स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही, मीही जात नाही. न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. लायनर हलका घासल्याचा आवाज चालतो. हाताने जोर करावा लागला तर हँडब्रेकची केबल चाकापाशी सोडून बघा. चाक सुटलं तर दोष केबलचा. नाही सुटलं तर ब्लीडरचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित उघडा. तेल जोराने उडालं आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब अडकून राहिला होता. एकाच चाकाला असं होत असेल तर बहुधा ब्रेकचा होज (रबरी पाइप) आतून सुजलेला असतो. बाहेरून तो नवा दिसतो, आत भोक इतकं बारीक होतं की पायाच्या जोराने तेल पुढे जातं, स्वतःहून मागे येत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलंच असेल तर व्हील सिलिंडर किंवा कॅलिपरचा (डिस्क ब्रेकच्या चिमट्याचा) पिस्टन जाम, कॅलिपरच्या पिना सुकलेल्या, नाही तर शूचं स्प्रिंग गेलेलं.

आणि चारही चाकं गरम असतील तर? ते सकाळी बरी, वाटेतल्या नाणीजपर्यंत जड, चहानंतर पुन्हा बरी असणाऱ्या गाडीचं दुखणं. पेडल आणि मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा) यांच्यामध्ये जी दांडी असते तिला किंचित मोकळीक लागते. ती नसली की मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं. चालताना ब्रेक ऑइल तापून फुगतं, त्याला टाकीत परतायला वाट नसते, आणि ब्रेक हळूहळू स्वतःच लागत जातात. थंड झालं की सुटतात. बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

इथे घरगुती काम थांबवा. चाक फिरवून बघणं, केबल सोडून बघणं इतपत ठीक. निपल उघडलात तर हवा आत जाण्याची शक्यता धरून ब्रेक पूर्ण ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढूनच गाडी रस्त्यावर काढा. ते कधी केलं नसेल तर निपलला पाना लावूच नका. होज, सिलिंडर, कॅलिपर ज्याने रोज केलंय त्यालाच करू द्या. आणि चाकातून धूर येत असेल किंवा पेडल मऊ लागायला लागलं असेल, तर घाटात पुढे एक वळणही जाऊ नका. ब्रेक ऑइल उकळलं की उतारावर पेडल थेट फळीला टेकतं.

चाक उचललेलं आहेच तर बेअरिंगही बघून घ्या. वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली किंवा फिरवताना आत वाळू असल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलं. रस्त्यावर याचा आवाज डाव्या-उजव्या वळणाला बदलतो. टायरचा आवाज वळणाने नाही, रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंग नवीन घातलं आणि लगेच हब तापू लागला, तर नट जास्त आवळलाय. ढिलं राहू नये म्हणून अंगाच्या जोराने आवळणारे पुष्कळ आहेत.

क्लच

चौथ्या गिअरच्या चाचणीत आरपीएम पळाला असेल तर इथे या. क्लच घसरतो तेव्हा आधी वरच्या गिअरमध्ये घसरतो. खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन पुढे सरकते आणि क्लचवरचा ताण सुटतो. वरच्या गिअरमध्ये गाडी हलायला वेळ घेते, इंजिनाचा पूर्ण पीळ क्लचच्या प्लेटवर राहतो. म्हणून बाजारात फिरवून 'क्लच चांगला आहे' असं सांगणाऱ्यावर जाऊ नका.

नुकसान किती होतं? इंजिन 2500 वर आणि क्लचच्या पलीकडचा शाफ्ट 2250 वर फिरत असेल, तर दहावा हिस्सा ताकद क्लचमध्येच जळाली. इंजिन 50 किलोवॅट देत असेल तर 5 किलोवॅट, म्हणजे आपले तीन रॉड, आणि तेही बंद डब्यात. जळका वास येतो तो उगाच नाही.

खर्च नसलेली तपासणी आधी. केबलचा क्लच असेल तर पेडल बोटाने दाबा. सुरुवातीला थोडं अंतर ते नुसतं सैल जायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. प्लेट झिजत जाते तशी ही सैलाई कमी होत जाते. ती शून्य झाली की पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, म्हणजे तुम्ही सतत अर्ध्या क्लचवर गाडी चालवताय. केबलचा नट फिरवून हे जमतं, पाच मिनिटांचं काम. अशा वेळी नुसत्या ॲडजस्टमेंटवर प्लेट आणखी काही महिने चाललेली मी पाहिली आहे. मात्र वेळेत केलं तरच. हायड्रॉलिक क्लच बहुतेक गाड्यांत झीज स्वतः भरून काढतो, तिथे फिरवायला काही नसतं. पेडल अगदी वर आल्यावर गाडी सुटत असेल तर प्लेट संपत आलीय असं समजा.

पुष्कळजण हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतात आणि इंजिन बंद पडतं का बघतात. चाचणी बरोबर आहे. गाडीच्या पुढे माणूस उभा नसावा आणि एकदाच करायची. इंजिन बंद पडलं नाही तर क्लच गेलेला आहे, आणि तुम्ही तिथेच उभे राहून तीन-चार वेळा करून बघितलंत तर उरलेला पण घालवाल.

मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली बोट फिरवा. तेल लागलं तर वास घ्या. काळं आणि पातळ असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलंय. जाड आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. हे बोटभर तेल फार महत्त्वाचं आहे, आणि ते मला कसं कळलं तेही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीची क्लच प्लेट मी बदलली. जुनी प्लेट तेलकट होती. मी फ्लायव्हील (इंजिनाची चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) पुसलं, नवीन प्लेट घातली, सील तसंच ठेवलं, कारण गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी हवी होती. दोन महिन्यांत गाडी परत दारात. नवी प्लेट तेलाने माखलेली. दुसरी प्लेट, सील आणि मजुरी सगळं माझ्या अंगावर आलं. तेव्हापासून गिअरबॉक्स उतरवला की सील बदलल्याशिवाय चढवत नाही, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी.

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो घरच्या अंगणात करायचा उद्योग नव्हे. गॅरेजला द्या, पण प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलायला सांगा. नुसती प्लेट बदलून वाचलेले पैसे दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवण्यात जातात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा आहेत का ते स्वतः बघा आणि जुनी प्लेट मागून घ्या. रिव्हेटपर्यंत झिजली असेल तर वय झालं होतं. जाडी शिल्लक असूनही काळी, चकचकीत झाली असेल तर चालवणाऱ्याच्या पायाचा दोष. चढावर ब्रेक न धरता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे.

तेल: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

इथे लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे वर्षानुवर्षं बघायचंच नाही, आणि दुसरं, 'थोडं जास्त बरं' म्हणून भरभरून ओतायचं. तेल कमी पडलं तर धातूवर धातू घासतो. जास्त झालं तर गिअर ते ताकासारखं घुसळत बसतात, ताकद त्यातच जाते, तेल तापून फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं. पातळी म्हणजे भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाटीला उभी असताना. करंगळी आत घालून बघा, पेराला तेल टेकलं की झालं.

तेल बदलायचं असेल तर आधी तेल भरायचा बोल्ट उघडा, मग तेल सोडायचा खालचा बोल्ट. भरायचा बोल्ट गंजून बसलेला असतो, आणि खालून सगळं तेल सोडून दिल्यावर ते कळलं तर गाडी तिथेच उभी.

ग्रेडवरही बोलायला हवं. पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये पिनियन (शाफ्टकडचा छोटा गिअर) क्राऊनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटतही जातात. सगळ्या वाटेत इथलं नुकसान सगळ्यात मोठ्यांपैकी एक, चार-पाच टक्क्यांच्या घरात. त्या घसटीला जीएल-5 दर्जाचंच तेल लागतं. तेच तेल उरलंय म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-4 सांगितलेलं असतं. जीएल-5 मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याला) त्रास देऊ शकतात, आणि ते जास्त निसरडं असल्याने रिंगची पकडही नीट बसत नाही. पुस्तकात आहे तेच घाला.

बाहेर आलेलं तेल उजेडात धरा. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर पाणी गेलंय. आमच्याकडे हे पावसात होतं. गरम डिफरन्शियल वहाळाच्या पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या वर असलेली बोटभर टोपी. ती चिखलाने बुजली तर उलटं होतं. आतला दाब वाढतो, ॲक्सलच्या सीलमधून तेल बाहेर येतं आणि थेट ब्रेक लायनरवर. ती टोपी हाताने फिरवून, साफ करून मोकळी ठेवायला काडीचा खर्च नाही, तरी मी उघडलेल्या दहातल्या सात गाड्यांत ती बुजलेली असते.

बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा लागला तर काळजी नको, ती रोजची झीज. नखात पकडता येईल असा कण निघाला तर दात किंवा बेअरिंग सुटतंय.

शाफ्ट आणि पुढचं

गाडी बंद, चाकांना दगड, गिअर न्यूट्रल. प्रॉपेलर शाफ्ट हाताने धरून पिळा आणि क्रॉसकडे, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याकडे बघा. क्रॉसच्या कपात हालचाल दिसली, किंवा कपाभोवती गंजाची लाल पूड दिसली, तर क्रॉस संपला. खरं सांगायचं तर क्रॉस फार ताकद खात नाही. पण तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो, म्हणून यादीत आहे. ग्रीसचा निपल असेल तर सर्व्हिसला ग्रीस मारून घ्या.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर लिव्हर किंवा बटण टू-व्हीलवर आलंय याची खात्री करा. पुढचे-मागचे ॲक्सल एकत्र जखडणाऱ्या पद्धतीत डांबरी रस्त्यावर वळताना चारही चाकं एकमेकांशी भांडतात. शेतातून बाहेर पडल्यावर काढायचं विसरणारे भेटतात. ऑटोमॅटिक गाडीला यातलं टायर, ब्रेक, बेअरिंग सगळं लागू. गिअरबॉक्सच्या आतलं मात्र मला सांगू नका आणि तुम्हीही उघडू नका, त्याचा माणूस वेगळा असतो.

इथून पुढे पाना खाली ठेवा

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो: रिलीज बेअरिंग. दोन्हीला बॉक्स उतरवावा लागतो. मागून येणारी घूंऽऽ पाय दाबला की वाढते आणि सोडला की सूर बदलते, सोबत तेलात कण आहेत: क्राऊन-पिनियन. अशी गाडी मालासकट घाटात घालू नका. पिनियन जाम झाला तर मागची चाकं चालत्या गाडीत अडकतात.

क्राऊन-पिनियनचं काम मीही सगळं स्वतः करत नाही. दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात बसवायची असते, त्याला डायल गेज लागतो, शिम (पातळ चकत्या) लागतात, पिनियनच्या बेअरिंगचा ताण मोजावा लागतो आणि दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते बघावं लागतं. जो माणूस हे 'अंदाजाने बसवतो' म्हणेल, तिथून गाडी परत आणा. आणि नवीन जोड आणलात तर क्राऊनवर आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर जुळतो का, ते बसवायच्या आधी तिथे उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.